फॉस्फरसचं चक्र शिकवायचं तर आधी फळ्यावरचा गोल पुसा

गोवंडीतल्या मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. फॉस्फरस चक्राचं ॲनिमेशन त्यांनी स्मार्ट बोर्डावर दोनदा दाखवलं. मुलांनी वहीत आकृती छान काढली, चाचणीत नावंही बरोबर भरली. पण "समुद्रात गेलेला फॉस्फरस जमिनीवर परत कसा येतो?" असं विचारल्यावर अर्ध्या वर्गाने लिहिलं, "पाऊस पडतो तेव्हा." वर्गात ५५ मुलं, तास ३५ मिनिटांचा आणि प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. मुलांच्या हाताला काम देऊन हा धडा कसा घ्यावा, असं त्यांनी विचारलंय.

ताई, मुलांचा तो पाऊस आपणच पाडलेला आहे. आधी जलचक्र शिकवतो, मग कार्बन, मग नायट्रोजन. प्रत्येकात एक बाण वर आभाळात जातो आणि एक खाली येतो. चौथ्या चक्राला मूल तोच साचा लावतं, त्यात त्याची चूक काय? फॉस्फरसला मात्र वर जाणारा बाण नाही. निसर्गात तो वायुरूपात जवळजवळ नसतोच. हवेत सापडतो तो धुळीच्या पाठीवर बसून. सहाराची धूळ अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनच्या जंगलात फॉस्फरस पोचवते हे खरं, पण ती धूळ आहे, वाफ नव्हे.

मी पूर्व उपनगरातल्या शाळांत सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवलं. पहिली आठ-नऊ वर्षं मीही फळ्यावर तो गोल काढायचे. चारी बाण सारख्या जाडीचे, रंगीत खडूने. पुढे लक्षात आलं की अडचण त्या गोलातच आहे. फॉस्फरसचं चक्र कागदावर गोल दिसतं, माणसाच्या आयुष्यात बघाल तर ती एक उतरंड आहे: खडकातून मातीत, मातीतून पिकात, पिकातून आपल्यात, आपल्यातून गटारात, गटारातून समुद्राच्या तळाशी. तळापासून खडकापर्यंतचा शेवटचा बाण पुरा व्हायला कोट्यवधी वर्षं लागतात. तो बाण इतर बाणांइतकाच जाड काढला की मुलांना खोटं सांगितल्यासारखं होतं. तेव्हा मुलांना काही करायला द्यायचं तर हे अडकून बसणं त्यांना जाणवेल असं द्या.

सुरुवात गृहपाठाने करा, तीही धडा उघडायच्या आधी. तुमच्या वर्गात बऱ्याच मुलांचं गाव असेल. बीड, जालना, सातारा, कुठलंही. मुलांना सांगायचं, आजोबांना किंवा मामांना फोन लावा आणि विचारा, "स्फुरद म्हणजे काय?" बस, एवढंच. नत्र (नायट्रोजन), स्फुरद, पालाश (पोटॅशियम) हे तीन शब्द गावाकडच्या शेतकऱ्याला तोंडपाठ असतात आणि आपल्या पुस्तकात मात्र फॉस्फरस लिहिलेलं असतं. स्फुरद आणि फॉस्फरस एकच, हे मुलांना कोणी सांगितलेलंच नसतं. मुलं काय काय घेऊन येतात बघा. "मुळ्या धरायला लागतं", "डीएपी खतात असतं", "पेरतानाच द्यायचं, नंतर वरून टाकून उपयोग नाही." हे शेवटचं वाक्य फळ्यावर लिहून ठेवा. स्फुरद मातीत फारसं हलत नाही, पडलं तिथेच चिकटून बसतं, म्हणून ते मुळाशेजारी पेरावं लागतं. आपल्याला पुढे जे शिकवायचंय त्याचा अर्धा भाग आजोबांनी फोनवर सांगून टाकलेला असतो.

आता खेळ. जागा कॉरिडॉर किंवा मैदान. सामान म्हणजे घरातल्या ल्युडोचे दहा-बारा फासे आणि खडू. प्रत्येक मूल म्हणजे फॉस्फरसचा एक अणू. (खरं तर फॉस्फेट. फॉस्फरस निसर्गात एकटा फिरत नाही, चार ऑक्सिजन बरोबर घेऊनच हिंडतो. नायट्रोजनसारखे जोडीदार बदलत बसत नाही.) जमिनीवर सहा चौकोन आखा: खडक, माती, झाड, प्राणी-माणूस, खाडी, समुद्राचा तळ. सुरुवातीला निम्मी मुलं खडकात, उरलेली मातीत. दर शिट्टीला प्रत्येकाने फासा टाकायचा आणि जे दान पडेल तसं हलायचं.

खडकातून सुटायला सहाच पडायला हवेत, मग मातीत. मातीत एक किंवा दोन पडले तर झाडात, सहा पडले तर पावसाने धुऊन खाडीत, बाकी काहीही पडलं तरी तिथेच, चिकटला. झाडात एक ते तीन पडले तर कोणीतरी खाल्लं, चार-पाचला पालापाचोळा होऊन मातीत, सहाला जागेवर. प्राणी-माणसाच्या चौकोनात एक-दोनला शेणखतातून माती, तीन ते पाचला गटारातून खाडी, सहा पडले की थांबला, हाडात बसला. खाडीत एक पडला तर शेवाळातून माशात आणि माशातून परत माणसात, दोन-तीनला खाडीतच, चार ते सहाला समुद्राचा तळ.

तळाला गेलेल्यानेही दर वेळी फासा टाकायचा. काहीही पडो, हलायचं नाही.

पहिल्यांदा हा खेळ घेतला तेव्हा हा शेवटचा नियम मी ठेवलाच नव्हता. मुलं कंटाळतील म्हणून तळालाही "सहा पडले तर सुटका" दिली होती. खेळ मजेत झाला, धडा वाया गेला. पुढच्या वर्षी नियम कडक केला. सातवी-आठवी शिट्टी होईपर्यंत एक मुलगा तळाला जाऊन बसलेला होता. त्याने पुढच्या दहा वेळा फासा टाकला. त्यात तीनदा सहा पडले. शेवटी वैतागून म्हणाला, "बाई, मी कधी सुटणार?" मी म्हटलं, "तो तळ वर उचलला जाऊन त्याचा डोंगर होईपर्यंत. काही कोटी वर्षं." त्याने क्षणभर विचार केला आणि विचारलं, "मग याला चक्र कशाला म्हणता?" मला जे शिकवायचं होतं ते एवढंच होतं आणि ते त्याने माझ्या आधी म्हटलं.

वीस शिट्ट्यांनंतर थांबवा आणि कुठल्या चौकोनात किती मुलं आहेत ते मोजा. दर वेळी आकडे वेगळे येतात, पण तळाला गर्दी जमतेच. दुसऱ्या दिवशी तोच खेळ "गाव फेरी" म्हणून घ्या. फरक एकच: प्राणी-माणसाच्या चौकोनात एक ते चारला माती, फक्त पाचला खाडी. म्हणजे शेण, मूत्र, राख, उष्टं-खरकटं सगळं शेतात परत जातंय. आता मातीत आणि झाडात जास्त मुलं टिकतात. दोन्ही दिवसांचे आकडे शेजारी शेजारी मांडून मुलांना बोलू द्या, आपण गप्प बसा. आमच्या कोकण-ठाण्याकडे भाताच्या रोपवाटिकेत राब भाजतात, तोही असाच हिशोब. पालापाचोळा आणि शेण जाळलं की नत्र उडून जातं, स्फुरद आणि पालाश राखेत उरतं. कोणा मुलाचे नातेवाईक जव्हार-शहापूरकडचे असले तर तोच सांगेल.

वेळ उरला तर तिसरी फेरी खाणीची. दर तीन शिट्ट्यांनी तुम्ही स्वतः खडकाच्या चौकोनात जा, चार मुलांचे हात धरा आणि थेट मातीत आणून उभी करा. हीच खतं. भारतात राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडाला फॉस्फेटच्या खडकाची मोठी खाण आहे, पण आपली गरज भागत नाही म्हणून बराचसा माल बाहेरून येतो. जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी साधारण ७० टक्के एकट्या मोरोक्को आणि पश्चिम सहारात आहेत. मुलांना नकाशा दाखवून हे सांगितलं की भूगोलाच्या बाई आपोआप खूश होतात.

हाडाचा प्रयोग बहुतेक पुस्तकांत असतो, त्यात दोन खाचखळगे आहेत. कोंबडीचं स्वच्छ केलेलं बारीक हाड व्हिनेगरमध्ये ठेवायचं, दोन-तीन दिवसांनी व्हिनेगर बदलायचं. आठवड्याभरात हाड रबरासारखं वाकतं, कारण त्याला कडकपणा देणारं कॅल्शियम फॉस्फेट आम्लात विरघळून गेलेलं असतं. पहिला खळगा असा की काही शाळांत वर्गात हाड चालत नाही. तिथे मी मुलांचे पडलेले दुधाचे दात मागवले. तेवढे डबीत भरून आणायला मुलं एका पायावर तयार असतात. दुसरा खळगा अंड्याच्या टरफलाचा. "हाडाऐवजी टरफल घ्या, तेच ते" असं बरेच शिक्षक सांगतात. तेच ते नाही. टरफल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यातून बुडबुडे येतात ते कार्बन डायऑक्साइडचे. फॉस्फरसच्या धड्यात टरफलाला काम नाही.

त्याच तासाला हा हिशोब घाला. माणसाच्या वजनाचा साधारण एक टक्का फॉस्फरस असतो आणि त्यातला सुमारे ८५ टक्के हाडांत आणि दातांत. नववीचं मूल ४० किलोचं धरा, म्हणजे ४०० ग्रॅम. तुमची ५५ मुलं म्हणजे २२ किलो. आता डीएपीच्या गोणीवर १८:४६:० छापलेलं असतं. ते ४६ म्हणजे शुद्ध फॉस्फरस नव्हे, त्याच्या ऑक्साइडच्या हिशोबात मांडलेला आकडा. शुद्ध धरला तर जेमतेम २० टक्के. म्हणजे ५० किलोच्या गोणीत १० किलो. तुमच्या वर्गात बाकांवर दोन गोण्या डीएपी बसून खिदळतोय. हे वाक्य मुलं घरी जाऊन सांगतात, मी खात्री देते.

आणि मग मुंबई. हे शहर फॉस्फरसच्या दृष्टीने एकतर्फी रस्ता आहे. नाशिक, जुन्नर, नारायणगावहून रात्रभर भाजीचे ट्रक वाशीच्या मार्केटला येतात. त्या कोबीत, डाळीत, दुधात तिथल्या शेतांचं स्फुरद भरलेलं असतं. मोठ्या माणसाच्या शरीरातून रोज साधारण एक ग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो, जास्त करून लघवीतून. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. लहान मुलांचं कमी-जास्त सोडून सरसकट एक ग्रॅम धरा. किती होतात? मुलांनाच गुणाकार करू द्या: रोज १२ टनांच्या वर. गोण्यांत सांगायचं तर डीएपीच्या १,२०० गोण्या, रोज. थोडा गाळात अडकत असेल, पण बाकीचा खाडीत आणि समुद्रात. भाजी उतरवून परत जाणारा ट्रक नारायणगावला काय घेऊन जातो, हा प्रश्न वर्गात विचारून बघा.

तुमच्या शाळेच्या जवळ देवनारचं डंपिंग ग्राउंड आहे, १९२७ पासूनचं. तिथे केळीच्या साली, हाडं, माशांचे काटे, सगळ्यांतला फॉस्फरस डोंगर होऊन पडलाय. पण तो विषय तुम्ही काढू नका. त्या डोंगरावरून आपल्या मुलांना बाहेर पुरेसं ऐकून घ्यावं लागतं. खेळ नीट झाला असेल तर कोणीतरी स्वतःहून म्हणेल, "बाई, सातवा चौकोन पाहिजे." माझ्या वर्गात म्हणालं होतं. मग तो आखा आणि त्याच्या दानांचे नियम मुलांनाच ठरवू द्या.

उलट्या दिशेचा एकच बाण मुंबईत रोज डोळ्यांनी दिसतो, तो म्हणजे कोळणीची पाटी. समुद्रातला फॉस्फरस शेवाळात, शेवाळातून बारीक जिवांत, त्यांतून बोंबील-मांदेलीत आणि तिथून ससून डॉकमार्गे आपल्या ताटात. मांदेली आपण काट्यासकट खातो, म्हणजे फॉस्फेट थेट. जमिनीवर परत आणणारे दुसरे म्हणजे समुद्रपक्षी. पेरूच्या बेटांवर त्यांच्या विष्ठेचे डोंगर साचले होते आणि एकोणिसाव्या शतकात ते खत म्हणून जहाजं भरभरून युरोपात गेले. आपल्या ठाणे खाडीत रोहित (फ्लेमिंगो) येतात, तेही याच गोष्टीतले. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर खाडीत शेवाळ माजतं आणि छोटे रोहित तेच गाळून खातात. सहल काढायची तर हिवाळ्यानंतर ऐरोलीहून वनखात्याची बोट जाते. भरती-ओहोटीची वेळ बघून आधीच नाव नोंदवा.

मातीच्या चिकटपणाचा प्रयोग मला सगळ्यात आवडतो आणि तो कोणी करत नाही. पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्यांचे बूड कापा, उलट्या टांगा, तोंडाला फडकं बांधा. एकीत पाव किलो धुतलेली रेती, दुसरीत पाव किलो लाल माती. ही लाल माती कुठल्याही नर्सरीत पिशवीने मिळते. सिंगल सुपर फॉस्फेट या खताचा एक चमचा लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घाला आणि वरचं पाणी गाळून घ्या. खाली पांढरा गाळ राहतो तो जिप्समचा; मुलं "बाई, विरघळलं नाही" म्हणतील, घाबरू नका. दोन्ही बाटल्यांत अर्धा अर्धा कप ओता. खाली जे ठिबकेल त्यात नायट्रिक आम्ल आणि अमोनियम मॉलिब्डेट घालून किंचित गरम केलं की फॉस्फेट असेल तर पिवळं होतं. रेतीखालचं पाणी पिवळं, लाल मातीखालचं जवळजवळ तसंच. लाल मातीतल्या लोह आणि ॲल्युमिनियमने फॉस्फेट धरून ठेवलं. देशावरच्या काळ्या मातीत हेच काम चुना करतो. "पेरतानाच द्यायचं" हे आजोबांचं वाक्य फळ्यावर अजून असेल, तिकडे बोट दाखवा. आणि मग जुलैतली गढूळ मिठी नदी आठवायला सांगा: फॉस्फरस मातीला चिकटलेला असतो, म्हणून माती वाहिली की तोही गेला.

आम्लाला हात फक्त तुम्ही लावायचा. रसायनं प्रिन्सेस स्ट्रीटला मिळतात. आम्ल नकोच असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात फॉस्फेट तपासायचं तयार किट मिळतं, क्रॉफर्ड मार्केटला विचारा. त्यात रंग निळा येतो. ते फार नाजूक असतं, म्हणून आपलं खताचं पाणी पुष्कळ पातळ करून घ्या. माझी फजिती इथेच झाली. किटने तपासलं तर नळाचं साधं पाणीसुद्धा निळं! वर्गासमोर दहा मिनिटं मी भलतीच कारणं सांगत होते. शेवटी एका मुलीने विचारलं की नळ्या कशाने धुतल्या. भांडी घासायच्या पावडरने धुतल्या होत्या, त्यातलंच फॉस्फेट. तेव्हापासून नळ्या नुसत्या पाण्याने सात-आठ वेळा विसळायच्या आणि साध्या पाण्याची एक नळी आधी तपासायची.

ॲनिमेशन टाकून देऊ नका, पण ते शेवटी दाखवा आणि मुलांना त्यातल्या चुका काढायला सांगा. सगळे बाण एकाच वेगाने का पळतायत? ढगाचं चित्र इथे कशाला? माणूस कुठे आहे? परीक्षेची काळजी असेल तर पुस्तकातली आकृती जशीच्या तशी काढून घ्या, फक्त समुद्राच्या तळापासून खडकापर्यंतचा बाण तुटक रेघेने काढायला सांगा. त्यासाठी कोणी गुण कापत नाही.

राहिला शेवाळाच्या बाटल्यांचा प्रयोग, तो बरेच दिवस चालणारा आहे. कॅनडात १९७३ साली शास्त्रज्ञांनी डमरूच्या आकाराच्या एका तळ्याच्या मधोमध पडदा टाकला. त्या तळ्याला नाव नाही, २२६ हा क्रमांक आहे. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन घातले, दुसऱ्या बाजूला तेच आणि वर फॉस्फरस. फॉस्फरसची बाजू हिरवीगार झाली. आकाशातून काढलेला तो फोटो मुलांना दाखवा आणि मग पवईचा तलाव, त्यावरची जलपर्णी आठवू द्या. आपली नक्कल अशी: चार बाटल्यांत एक दिवस उघडं ठेवलेलं नळाचं पाणी, प्रत्येकीत मत्स्यालयाचं तीन चमचे हिरवं पाणी. एक तशीच, एकीत चिमटीभर युरिया, एकीत सुपर फॉस्फेटचं गाळलेलं पाणी चमचाभर, एकीत दोन्ही. खिडकीत उन्हाला ठेवा. दोन्हीवाली बाटली सगळ्यात आधी हिरवी होते. नुसत्या फॉस्फेटची कधी कधी उशिरा होते, कारण काही निळं-हिरवं शेवाळ हवेतून स्वतःचा नायट्रोजन मिळवतं, पण फॉस्फरस हवेत असेल तर मिळवणार ना. पावसाळ्यात हा प्रयोग करू नका, ऊन नसतं. बाटल्यांच्या तोंडाला जुन्या ओढणीचं कापड बांधा, नाहीतर डासांच्या अळ्या होतील आणि पालिकेची माणसं शाळेला नोटीस देतील. दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच मांडा, पंधरा दिवस पुरतात. आणि बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत "प्रयोग चालू आहे" असं लिहून मावशींनाही सांगून ठेवा. आमच्याकडे दोनदा, नेमकं हिरवं पाणी छान जमून आलेलं असताना, घाण पाणी म्हणून बेसिनमध्ये ओतून बाटल्या लख्ख धुऊन ठेवलेल्या सापडल्या. दुसऱ्या वेळी तर पावडरने.